‘सार्जंट पेपर’ची तबकडी आणि तिचे अनाम साथीदार

देवळाच्या सभामंडपात सप्ताहाचे कीर्तन संपले, की बुक्का लावून घेण्यासाठी बुवांपुढे रांग लागते. त्या वेळी पेटीवाले भाता मिटून पेटी कापडात बांधीत असतात आणि तबलजी हातोडी पिशवीत टाकीत असतात. त्यांच्याकडे सहसा कोणी वळत नाही. पत्रिकेवर बुवांचे नाव ठळक टायपात असते. साथीस कोण, याचा उल्लेख असलाच तर तो ‘स्थानिक कलावंत’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेला असतो. आम्हीही वर्षानुवर्षे असलेच श्रोते होतो, हे आरंभीच कबूल केले पाहिजे. विलायतेत निघालेल्या एका विख्यात ध्वनिमुद्रिकेचा इतिहास वाचण्यात आला, तेव्हा या गोष्टीची बोचणी आम्हांस प्रथम लागली. तोच इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

लिव्हरपूल या बंदराच्या गावचे चार तरुण ‘बीटल्स’ या नावाने जगभर गाजले. गिटार, ढोल आणि धावती, सोपी चाल असे त्यांच्या गाण्यांचे आरंभीचे रूप होते. ‘रॉक’ नावाचा हा गायनप्रकार आमच्या सर्वच वाचकांना प्रिय असेल असे नाही; आम्हांसही तो बरीच वर्षे नुसता गलका वाटत असे. त्यांच्या सभांत तर श्रोत्यांच्या किंचाळ्यांपुढे गाणाऱ्यांना स्वतःचा सूरही ऐकू येत नसे. अखेर २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी शेवटचा जाहीर जलसा केला आणि दौऱ्यांना रामराम ठोकला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते लंडनमधील ॲबी रोडवरच्या ध्वनिमुद्रणगृहात जाऊन बसले आणि पुढील एप्रिलपर्यंत तेथेच राबत राहिले. त्या परिश्रमातून १९६७ च्या मे महिन्याच्या अखेरीस जी तबकडी बाहेर आली, तिचे लांबलचक नाव ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’.

या मंडळींना अभिजात वाद्यांचा नाद लावण्याचे श्रेय निर्माते जॉर्ज मार्टिन यांना द्यावयास हवे. मार्टिन हे संगीतविद्यालयात शिकलेले, ओबोवादनाचा अभ्यास केलेले गृहस्थ. उलट बीटल्सपैकी एकालाही स्वरलिपी लिहिता येत नव्हती. गाणारा गुणगुणावयाचा आणि मार्टिन यांनी ते कागदावर उतरवावयाचे, असा शिरस्ता पडला. १९६५ साली ‘यस्टरडे’ या गीतास त्यांनी चार तंतुवाद्यांची साथ दिली; पुढील वर्षी ‘एलिनॉर रिग्बी’मध्ये गिटार व ढोल अजिबात काढून टाकून आठ तंतुवाद्ये घातली. ‘सार्जंट पेपर’मध्ये हा हव्यास शिगेस पोहोचला. एका गीतात हार्प आली, एकात तीन क्लॅरिनेट आली. ‘अ डे इन द लाइफ’ या शेवटच्या गीतासाठी तर १० फेब्रुवारी १९६७ रोजी चाळीस वादकांचा ताफा बोलावण्यात आला. प्रत्येकाने आपल्या वाद्यावरील सर्वांत खालच्या स्वरापासून निघून चोवीस मात्राखंडांत सर्वांत वरच्या स्वरापर्यंत चढत जावे, आणि शेजारी काय वाजवितो तिकडे लक्ष देऊ नये, अशी त्यांना सूचना होती! ज्यांनी जन्मभर शेजाऱ्याच्या सुरात सूर मिळविण्याचीच साधना केली, त्यांना हे किती विचित्र वाटले असेल? त्यात औपचारिक पोशाखावर विदूषकी नाके लावून बसण्याची थट्टाही त्यांनी सोसली. परिणाम अचाट झाला यात शंका नाही; परंतु त्या चाळीस जणांची विद्या तेथे उपयोगात आली असे आम्हांस म्हणवत नाही. त्यांचा केवळ आवाज उपयोगात आला.

विद्या उपयोगात आली ती दुसऱ्या बाजूच्या आरंभीच्या ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात. आणि आमच्या कथेचा गाभाही तोच आहे.

हे गीत चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन यांचे. १९६५ साली त्यांनी ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात प्रथम सतार छेडली, ती अर्थातच गिटारीच्या हाताने. त्यानंतर लंडनमधील ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेशी त्यांचा परिचय झाला. ही संस्था मूळचे कर्नाटकातील अयन अंगडी आणि त्यांच्या इंग्रज पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ मध्ये काढलेली. विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी तिचे अध्यक्षपद स्वीकारले होते. १९६६ च्या जून महिन्यात अंगडींच्याच घरी हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांची भेट झाली. त्या सप्टेंबरात हॅरिसन मुंबईस आले, ताजमहाल हॉटेलात टोपणनावाने उतरले आणि पंडितजींपाशी व त्यांचे शिष्य शंभू दास यांच्यापाशी सतारीचे प्राथमिक धडे घेऊ लागले. मांडी घालून तासन् तास बसण्याची सवय नसलेल्या माणसाला पहिली परीक्षा गुडघ्यांचीच द्यावी लागली असेल! पुढे वृत्तपत्रांना सुगावा लागून हॉटेलाखाली गर्दी जमली आणि गुरुशिष्यांना काश्मीरचा रस्ता धरावा लागला.

या शिक्षणाचे पहिले पक्व फळ म्हणजे हे गीत. त्याची चाल हॅरिसन यांना एका मित्राच्या घरी हार्मोनियमवर सुचली, आणि आकाशवाणीसाठी रविशंकरांनी रचलेल्या एका दीर्घ रचनेचा आदर्श त्यांच्यापुढे होता. स्वर खमाज थाटाचे आहेत. आरंभी तंबोऱ्यावर तरंगणारा छोटासा आलाप, मग त्रितालात गीत, मध्ये दहा मात्रांच्या झपतालात वाद्यांचा संवाद आणि पुन्हा गीत, असा त्याचा सांगाडा आहे. १५ मार्च १९६७ रोजी संध्याकाळी ध्वनिमुद्रणगृहात जमिनीवर गालिचे अंथरले गेले, उदबत्त्या लावल्या गेल्या आणि लंडनमध्ये राहणारे भारतीय वादक दिलरुबा, तंबोरा व तबला घेऊन बसले. दिलरुबा म्हणजे सतारीसारखी पडद्यांची दांडी असलेले, पण गजाने वाजणारे वाद्य. शीख पंथाच्या शबद-कीर्तनात ते पूर्वापार चालत आले आहे. येथे स्वरलिपीचा कागद कामाचा नव्हता. हॅरिसन यांनी चाल वादकांना सांगितली आणि त्यांनी ती कानांनी घेतली. आमच्याकडे पेटीवाला बुवांच्या गळ्यामागून जातो, तसाच दिलरुबा येथे गायकाच्या मागोमाग जातो.

३ एप्रिल रोजी आठ व्हायोलिने व तीन चेलो घेऊन पाश्चात्त्य वादक आले. खरी अडचण येथे होती. दिलरुब्याची मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. पाश्चात्त्य वादकाची तालीम स्वर नेमका व स्वतंत्र लावण्याची. मार्टिन यांनी त्या घसरणी एकेक करून कागदावर मांडल्या आणि वादकांकडून कसोशीने वाजवून घेतल्या. झपतालाच्या भागात दिलरुब्याने प्रश्न टाकावा आणि व्हायोलिनांनी उत्तर द्यावे, असा जो सवालजवाब रंगला आहे, तो या कष्टाचे फळ होय. एका बाजूस कानाची परंपरा, दुसऱ्या बाजूस कागदाची. आणि कोणाचीही विदूषकी नाके लावून थट्टा केलेली नाही! गीताचा विषय माणसामाणसांमध्ये अहंकाराने उभी राहणारी भिंत हा आहे, हे ध्यानात घेता ही बैठक त्यास शोभून दिसते. अखेरीस हॅरिसन यांनी हास्याचा एक फवारा जोडून दिला आहे, तो मात्र आम्हांस आजही खटकतो.

या तबकडीच्या वेष्टनाचीही एक हकीकत आहे. थोरामोठ्यांच्या चित्रांच्या त्या गर्दीत महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर गिरी आणि परमहंस योगानंद ही गुरुपरंपरा हॅरिसन यांच्या आग्रहाने विराजमान झाली. महात्मा गांधींचेही चित्र बसविले होते. परंतु भारतात तबकडीच्या विक्रीस बाध येईल, या भीतीने कंपनीच्या अध्यक्षांनी ते काढून टाकविले. वेष्टनाच्या पाठीवर सर्व गीतांचे शब्द छापले होते. एवढे सारे छापले, पण दिलरुबा कोणी वाजविला, तबला कोणाचा, याविषयी एक अक्षर नाही. व्हायोलिनवादकांचीही नावे तेथे नाहीत हे खरे. तथापि त्यांची नावे पुढे इतिहासग्रंथांत नमूद झाली. भारतीय वादक मात्र ‘एशियन म्युझिक सर्कलचे काही सभासद’ एवढ्याच ओळखीने दशकानुदशके ओळखले गेले. १९६८ साली या तबकडीस वर्षातील सर्वोत्कृष्ट संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले; रॉक गायनास हा मान प्रथमच लाभत होता. तिच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. तरीही लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधनातून ती नावे सर्वतोमुखी होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. दिलरुबा: अण्णा जोशी व अमृत गज्जर. तंबोरा: बुद्धदेव कंसारा. तबला: नटवर सोनी.

पन्नास वर्षे! विलायतेस बोल लावण्याआधी आपल्या अंगणात डोकावलेले बरे. सासष्टीतील माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक व वाद्यवृंद-रचनाकार होते. १९५८ मध्ये, म्हणजे ‘सार्जंट पेपर’च्या नऊ वर्षे आधी, त्यांनी मुंबईस ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा करून रागांवर आधारलेल्या रचना पाश्चात्त्य वाद्यमेळात बसविल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यात गायिले. असा हा माणूस, आणि त्याच्यासारखे कितीतरी गोवेकर, हिंदी चित्रपटांतील हजारो गाण्यांचे वाद्यलेखन करीत राहिले. पडद्यावर नाव झळके ते संगीतदिग्दर्शकाचे. गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तील एका विनोदी गाण्यामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ती गुरूला वाहिलेली मानवंदना होती. ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी कितीजणांना या नावाचा खराखुरा मनुष्य माजोर्ड्यास राहतो हे ठाऊक होते?

नाव छापणे अवघड होते, असेही नाही. ‘सार्जंट पेपर’च्या आधीच्या, १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीत हॅरिसन यांचे ‘लव्ह यू टू’ हे गीत आहे. त्यासाठी अंगडींनी एका तरुण तबलजीस दूरध्वनी करून, आज संध्याकाळी मोकळे आहात काय, एवढेच विचारले. न्यावयास दाराशी रोल्स-रॉइस येऊन उभी राहिली, तेव्हा कोणाच्या साथीस बसावयाचे आहे हे त्याला उमगले. हॅरिसन यांनी सोळा मात्रांचा ठेका मागितला आणि पुढचे त्याच्या बुद्धीवर सोपविले. तबकडी निघाली तेव्हा वेष्टनावर त्या गीतापुढे तबलावादकाचे नाव छापलेले होते: अनिल भागवत. आयुष्यात आपल्याला याचाच मोठा अभिमान वाटतो, असे त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी एका इतिहासकारास सांगितले.