आभासी यंत्रे व खाजगी क्लाउड

एकाच प्रत्यक्ष संगणकावर नियंत्रक आज्ञावलीच्या साहाय्याने अनेक स्वतंत्र संगणकांचा भास निर्माण करण्याच्या तंत्रास आभासीकरण म्हणतात आणि अशा प्रत्येक भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. एखाद्या संस्थेने केवळ आपल्यासाठी राखलेल्या अनेक सर्व्हर संगणकांवर अशी यंत्रे उभी केली, त्यांचे वाटप, देखरेख व मोजमाप स्वयंचलित साधनांकडे सोपविले आणि आपल्या विभागांना ती मागणीनुसार उपलब्ध करून दिली, म्हणजे त्या व्यवस्थेस खाजगी क्लाउड म्हणतात. हे नाव एकविसाव्या शतकातील असले, तरी त्यामागील कल्पना १९६०–७० या दशकातील आहे. महागडे यंत्र अनेकांत कसे वाटून द्यावे आणि त्या वाटपाचे नियंत्रण कोणाच्या हाती असावे, हे दोन प्रश्न या इतिहासात आरंभापासून एकमेकांत गुंतलेले आढळतात.

पूर्वपीठिका : प्रारंभीचे संगणक अतिशय महाग असून ते सामान्यतः एका वेळी एकच काम करीत. माहिती आत येईपर्यंत वा उत्तर छापले जाईपर्यंत त्यांचा गणन विभाग रिकामा राही. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९५९ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत, या रिकाम्या वेळेत दुसरे काम करवून घेण्याची योजना मांडली. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी कालविभागणी पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. या पद्धतीत संगणकाचा वेळ अत्यल्प तुकड्यांत विभागून अनेकांना आळीपाळीने दिला जाई. तथापि सर्वांना एकाच परिचालन प्रणालीत नांदावे लागे.

आय. बी. एम. कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने निराळा मार्ग धरला. एक प्रणाली अनेकांत वाटण्याऐवजी प्रत्येकाला संपूर्ण ‘सिस्टिम/३६०’ संगणक मिळाल्याचा भास त्यांनी निर्माण केला. जानेवारी १९६७ मध्ये वापरात आलेल्या त्यांच्या ‘सीपी-४०’ या प्रणालीत अशी १४ यंत्रे चालू शकत. कंपनीची अधिकृत कालविभागणी प्रणाली वेगळी होती व ती रेंगाळली; उलट, या छोट्या गटाच्या ‘सीपी-६७’ या पुढील आवृत्तीस ग्राहकांनीच उचलून धरले. नॅशनल सीएसएस यांसारख्या कंपन्यांनी तिच्या आधारे संगणकाचा वेळ भाड्याने देण्याचा व्यवसायही केला. अखेर २ ऑगस्ट १९७२ रोजी आय. बी. एम. ने ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर करून या तंत्रास अधिकृत मान्यता दिली.

तत्त्व : जेरल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये या तंत्राची शास्त्रीय मीमांसा केली. त्यांच्या मते नियंत्रकाने तीन अटी पाळावयास हव्यात : आभासी यंत्रातील आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालते तशीच चालावी; बहुतेक आज्ञा नियंत्रकाच्या मध्यस्थीशिवाय थेट प्रक्रियकावर पार पडाव्यात; आणि साधनसामग्रीवर नियंत्रकाचा पूर्ण ताबा असावा. यासाठी यंत्राच्या एकूण स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा प्रक्रियकाने अडवून नियंत्रकाकडे पाठविली पाहिजे.

खंड व पुनरुज्जीवन : १९८० नंतर सूक्ष्मप्रक्रियकांवर आधारलेले स्वस्त संगणक सर्वत्र पसरले आणि यंत्र वाटून घेण्याची निकड कमी झाली. पुढे प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सर्व्हर ठेवण्याची रीत पडली. खोल्या सर्व्हरांनी भरल्या. वीज व वातानुकूलन यांचा खर्च वाढला. यंत्रे मात्र बहुतांश वेळ रिकामी राहू लागली. स्ट्रेची यांच्यापुढील अडचण अशा रीतीने नव्या रूपात पुन्हा उभी राहिली.

इंटेलच्या प्रचलित प्रक्रियकांत मात्र वरील अट पाळली जात नव्हती. पेंटियममध्ये अशा १७ अडचणीच्या आज्ञा असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. त्यांपैकी काही आज्ञा मर्यादित अधिकाराच्या स्थितीत अडविल्या न जाता मुकाट्याने निष्फळ ठरत आणि नियंत्रकास त्याचा पत्ताही लागत नसे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘डिस्को’ प्रकल्पातून (१९९७) अनुभव घेतलेल्या मेंडेल रोझेनब्लूम प्रभृतींनी डायान ग्रीन यांच्यासह १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापिली. अडचणीच्या आज्ञांचे चालता चालता सुरक्षित आज्ञांत रूपांतर करण्याची युक्ती तिने योजिली व २००१ मध्ये सर्व्हरांसाठी ‘ईएसएक्स’ हा नियंत्रक आणला. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या ‘झेन’ने (२००३) परिचालन प्रणालीतच फेरफार करून तोच हेतू साधला. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये ही उणीव प्रक्रियकातच भरून काढली. २००७ मध्ये ‘केव्हीएम’ हा नियंत्रक लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

व्यवस्थापन साधने : केवळ आभासी यंत्रे म्हणजे क्लाउड नव्हे. २००३ मध्ये व्हीएमवेअरने चालते यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविण्याची सोय केली. तीत यंत्र चालू असतानाच त्याच्या स्मृतीची नक्कल पाठविली जाते, दरम्यान बदललेला भाग पुन्हा पाठविला जातो व शेवटी क्षणभर थांबून ताबा बदलतो. त्यामुळे अनेक सर्व्हर हा एक सामाईक साठा ठरला. २००६ मध्ये ॲमेझॉनने आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास सुरुवात केली. हीच सुलभता, पण आपली विदा बाहेर न जाऊ देता, हवी असणाऱ्या संस्थांसाठी ‘युकॅलिप्टस’ व ‘ओपननेब्युला’ (२००८) आणि नासा व रॅकस्पेस यांची ‘ओपनस्टॅक’ (२०१०) ही मुक्त साधने निर्माण झाली. जिनीव्हाजवळील सर्न या यूरोपीय संस्थेने २०१३ मध्ये ओपनस्टॅकवर आपला खाजगी क्लाउड कार्यान्वित केला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे निश्चित केली : मागणीनुसार स्वयंसेवा, जालकातून उपलब्धता, साधनांचा सामाईक साठा, शीघ्र संकोच-विस्तार व वापराचे मोजमाप. भारतात केंद्र शासनाच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली २०१४ मध्ये राष्ट्रीय क्लाउड सुरू झाला. तो चालविणाऱ्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या विदा केंद्रांपैकी एक पुणे येथे आहे.

मर्यादा : खाजगी क्लाउडची क्षमता संस्थेने विकत घेतलेल्या सर्व्हरांपुरतीच असते आणि तो चालविण्यास कुशल मनुष्यबळ लागते. आभासी यंत्रांमधील भिंतही अभेद्य नाही, हे २०१८ च्या जानेवारीत उघडकीस आलेल्या ‘स्पेक्टर’ व ‘मेल्टडाउन’ या प्रक्रियकांतील दोषांनी दाखवून दिले. याहून मूलभूत प्रश्न नियंत्रणाचा आहे. ब्रॉडकॉम कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ताब्यात घेतली व पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून मुदतीची वर्गणी हाच मार्ग ठेवला. सर्व्हर आपले, इमारत आपली, विदाही आपली असूनही वाटपाचे सूत्र दुसऱ्याच्या हाती राहू शकते, याची जाणीव त्यामुळे अनेक संस्थांना झाली. साधनसामग्रीवर पूर्ण ताबा असावा, ही पोपेक व गोल्डबर्ग यांनी नियंत्रक आज्ञावलीस घातलेली अट होय. तीच कसोटी खाजगी क्लाउड उभारणाऱ्या संस्थेने स्वतःस लावून पाहणे आवश्यक ठरते.