पात्यावरचे नाव

गावाकडचे घर पाडायचे ठरले तेव्हा माळ्यावरची शिसवी पेटी माझ्या वाट्याला आली. तांब्या-पितळेची वाटणी आधीच झाली होती, आणि जुन्या कागदांची मला खोड आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक असल्याने पेटीवरून कुणी वाद घातला नाही. आत कसर लागलेल्या मोडी किर्दी होत्या. आजीची सहाण आणि अर्धे झिजलेले साबरशिंग होते. सुतळीने बांधलेली वाळक्या बोरूंची जुडी होती. आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेला, करंगळीएवढा, मिटलेला एक चाकू होता.

पात्यावरच्या खाचेत नख घालून मी तो उघडला. अर्ध्या वाटेपर्यंत तो जड गेला, मग एकदम हलका झाला आणि टक् असा आवाज करून ताठ उभा राहिला. त्या आवाजाने माझी पुढची दहा-बारा वर्षे घेतली असे म्हटले तर बायको तरी दुजोरा देईल. तोवर चाकू या वस्तूकडे मी लक्ष देऊन कधी पाहिलेच नव्हते. मी बँकेतला कारकून. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही, लोहविद्येचे तर नाहीच. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तो चाकू शंभर वेळा तरी उघडला आणि मिटला असेन.

त्याची रचना सांगतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. या चाकूला कुलूप नसते. पात्याच्या बुडाला चपट्या कडा असतात आणि मुठीच्या पाठीत पोलादाची एक कमान बसवलेली असते, घड्याळाच्या कमानीची सरळ बहीण. पाते उघडताना बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो. पाते पूर्ण उघडले की बुडाची सपाट कड कमानीखाली येते, कमान खाली बसते आणि तो टक् आवाज होतो. पाते उभे राहते ते केवळ कमानीच्या दाबावर. पाठीकडून जोर दिला की चाकू मुकाट मिटतो. म्हणून तो भोसकायच्या कामाचा नाही. भोसकायला जाल तर पहिली बोटे तुमची कापतील. आपल्याकडे खिशातला चाकू म्हटले की रामपुरी आठवतो, कारण सिनेमाने तोच दाखवला. पण रामपुरीला खटका असतो, उघडल्यावर पाते अडकून राहते. हा त्याच्या जातीचा नव्हे. हा पेरू कापण्याचा, दोरा तोडण्याचा, लेखणी करण्याचा चाकू. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यानेही हा भेद मानला आहे: तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा मिटणारा चाकू कारण न सांगता खिशात ठेवता येतो, आणि पाते अडकून राहत असेल तर ही सवलत मिळत नाही, असा अर्थ तिथल्या न्यायालयाने लावला.

आबा एका संस्थानच्या दप्तरात कारकून होते आणि हिशेब बोरूने मोडीत लिहीत. बोरूची जुडी आणि चाकू एकाच पेटीत का, याचे उत्तर त्यात आहे. इंग्रजीत अशा लहान चाकूला पेननाइफ म्हणतात, म्हणजे पिसाची लेखणी कापण्याचा चाकू. आपला जुना शब्द कलमतराश. फारसीतून आलेला, अर्थ तोच, कलम तासणारा. जुने कलमतराश बहुधा मिटणारे नसत, पण काम एकच. दोन भाषांनी एका हत्याराला त्याच्या धारेवरून नव्हे तर अक्षरावरून नाव दिले, हे मला फार आवडले.

आता पात्यावरचे नाव. भिंगाखाली बुडावर ठसा दिसला: जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, शेजारी एक तारा आणि एक माल्टीज क्रूस. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "अरे, तो विलायती चाकू. आबा त्याने सुपारीसुद्धा कातरू देत नसत कुणाला." विलायती हा शब्द तिने ज्या आदराने उच्चारला, त्या आदरानेच मी शोध सुरू केला. त्याच आदराने एका आठवडी बाजारात चांगले पैसे मोजून दुसरा 'रॉजर्स' घेतला. घरी येऊन पाहिले तर स्पेलिंगमधला डी गायब. दोष विकणाऱ्याचा नाही, भिंग घरी विसरणाऱ्याचा. आणि हा प्रकारही जुनाच आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने विकला जाई, अशी इंग्रज कारखानदारांची ओरड होती. १८८७ चा व्यापारचिन्हांचा कायदा होण्यामागे ती ओरड बऱ्याच अंशी होती.

शेफील्ड हे चाकूचे गाव चौसरच्या काळापासून. त्याच्या एका कथेतला दळणवाला पायमोज्यात शेफील्डची सुरी बाळगतो, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस वाचकाला ते गाव सांगावे लागत नव्हते. डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या, धार लावायला योग्य असा वालुकाश्म जवळच, भट्टीला आधी लाकूड आणि पुढे कोळसा. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने हॅलमशरच्या चाकूकारांची कंपनी स्थापन झाली आणि कारागिराने आपले चिन्ह तिच्याकडे नोंदवायचे, मालावर उमटवायचे, हा कायद्याचा विषय झाला. कमानीचा चाकू तिथे सतराव्या शतकात रुळला. त्यातला बार्लो हा जाड मुठीचा स्वस्त चाकू शेफील्डच्याच एका बार्लो घराण्याच्या नावाने ओळखला जातो असे मानतात. तो पुढे अमेरिकेत इतका पोचला की १८७६ च्या 'टॉम सॉयर'मध्ये टॉमला बक्षीस मिळतो तो बार्लो; धड काही कापत नाही, पण खरा बार्लो आहे एवढ्यावर पोरगा हरखून जातो. वाचताना मला स्वतःची थोडी लाज वाटली.

कमान मात्र चांगल्या पोलादाशिवाय टिकत नाही. इथे बेंजामिन हंट्समन येतो. हा डॉनकास्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या कमानी मोडतात म्हणून वैतागलेला. १७४० च्या सुमारास शेफील्डजवळ येऊन त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवण्याची रीत बसवली. ते एकजिनसी पोलाद शेफील्डच्या चाकूकारांनी आधी नाकारले, फार कठीण आहे म्हणून. फ्रेंचांनी ते घेतले, आणि फ्रान्सहून सरस माल येऊ लागल्यावर शेफील्डकरांचे डोळे उघडले. युरोपात मुशीतल्या पोलादाचा हा आरंभ समजला जातो.

युरोपात हा शब्द मी मुद्दाम लिहिला. मुशीत पोलाद करण्याची विद्या दक्षिण हिंदुस्थानात त्याआधी कित्येक शतके चालू होती. लहान मातीच्या मुशीत लोखंड आणि पालापाचोळा-लाकूड भरायचे, तोंड लिंपायचे, तासन्‌तास भाता चालवायचा. मुशी फोडली की आत पोलादाचा गोळा. इंग्रज त्याला वूट्झ म्हणत. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रम्‌ गावी हा माल घ्यायला इराणी व्यापारी येऊन राहत, असे व्हॉयसी या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवून ठेवले आहे.

१७९० च्या दशकात मुंबईत हेलिनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता. पुढे १८०२ मध्ये मुंबईत देवीची लस टोचण्याच्या कामात ज्याचे नाव येते तोच. त्याने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. त्यांच्या परीक्षणावर जॉर्ज पीअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला. हे जुने खंड आता संगणकावर घरबसल्या वाचता येतात, नाहीतर माझ्यासारख्याला ते कोण हातात देणार. आम्ले, वजने, तापमाने यांच्या रुक्ष वर्णनातून वाट काढत मी एका ओळीपाशी थांबलो. बँक्स यांच्या इच्छेवरून स्टोडार्ट नावाच्या चाकूकाराने या पोलादाचा एक तुकडा घडवला होता. कशासाठी? पेननाइफसाठी. आणि त्याची धार उत्तमोत्तम पोलादी चाकूच्या तोडीची ठरली.

आबांच्या पेटीसमोर बसून ही ओळ वाचली तेव्हा काय वाटले ते सांगता येणार नाही. विलायतेहून आबांच्या हाती कलमतराश आला, त्याच्या सव्वाशे-दीडशे वर्षे आधी आपल्याकडचे पोलाद मुंबईहून विलायतेला गेले होते आणि त्याची परीक्षा कलमतराशाच्याच पात्यात झाली होती. जेम्स स्टोडार्टने पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीत हे हिंदुस्थानी पोलाद आपल्याला युरोपातल्या उत्तम पोलादाहून पसंत आहे असे छापले, आणि तरुण मायकेल फॅरेडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, त्यांची सुरुवातही वूट्झच्या कुतूहलातून झाली.

पण त्या निबंधाच्या शीर्षकातच एक चूक आहे. 'मुंबईत तयार होणारे पोलाद' असे तिथे लिहिले आहे. मुंबईत ते तयार होत नव्हते, मुंबईहून फक्त रवाना झाले. पाठवणाऱ्याचे नाव आहे, स्वीकारणाऱ्याचे आहे, परीक्षकाचे आहे, पाते घडवणाऱ्याचे आहे. ज्याने मुशी लिंपली त्याचे नाव नाही आणि गावही नाही. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट आपल्याकडे बरीच सांगितली जाते. १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये नाक कापलेल्या कावसजीला पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवल्याची हकीकत आली, तिथून आधुनिक प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली. रोग्याचे नाव आपल्याला माहीत आहे. वैद्याबद्दल एवढेच, की तो विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता.

इथवर आल्यावर माझा निबंध तयार झाला होता असे मला वाटले: ते नावे नोंदवत होते, आपण नाही. एका अभ्यासमंडळात तो वाचलाही. सोपा आणि टाळ्या घेणारा निष्कर्ष होता. तो चुकीचा होता हे कळायला आणखी दोन वर्षे गेली.

कारण शेफील्डचे काम कसे चाले ते मी नीट पाहिलेच नव्हते. एक माणूस पाते ठोके, दुसरा सहाणेच्या चाकावर घासे, तिसरा कमान, पितळी पत्रे आणि मूठ जुळवी. पुष्कळसे कारागीर स्वतंत्र; चक्कीवर बसायची जागा भाड्याने घेत, तुकड्यावर मजुरी घेत. त्यांना तिथे 'लिटल मेस्टर' म्हणत, छोटे मालक, आणि या नावात मालकी थोडी आणि थट्टा जास्त होती. माल एका कारखान्यातून सुटे, ठसा कारखान्याचा पडे. रॉजर्सच्या घरच्या कोणी माझ्या चाकूला हातही लावला नसणार. घासणाऱ्यांचे हाल तर डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४० च्या दशकात लिहूनच ठेवले. कोरड्या चाकावर काटे घासणारे दगड-पोलादाची धूळ गिळत आणि तिशी-पस्तिशीत छाती भरून मरत. चाकूची पाती ओल्या चाकावर घासत, म्हणून त्यांची स्थिती थोडी बरी, एवढेच. अलीकडच्या काळात या कारागिरांतला ज्याला नाव मिळाले तो स्टॅन शॉ, २०२१ मध्ये गेला; पोरवयात कामाला लागलेला, कमानी हाताने जुळवणारा. असे नाव मिळायला तो धंदाच जवळजवळ संपावा लागला.

मूठ पाहायची मात्र राहूनच गेली होती. काळपट तपकिरी, खडबडीत, आडव्या खाचांची. मी ती इंग्लंडातल्या कुठल्या तरी हरणाची समजत होतो. एकदा आजीचे साबरशिंग शेजारी ठेवले. तोच पोत. आम्ही पोरे असताना छातीत कफ झाला, पाय मुरगळला की आजी ते सहाणेवर उगाळून लेप लावी. सांबराची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि युरोपातल्या हरणांपेक्षा ती भरीव असतात, म्हणून शेफील्ड आणि झोलिंगेनचे चाकूकार ती हिंदुस्थानातून मागवीत. हस्तिदंतही, मूळचा आफ्रिकेचा, एकोणिसाव्या शतकात झांजीबारहून मुंबईमार्गे लंडनला जाई. शिंगांची निर्यात आपल्या सरकारने १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद केली आणि ते योग्यच झाले. तेव्हापासून परदेशातले शौकीन जुन्या 'इंडिया स्टॅग'च्या चाकूंना वाटेल ती किंमत देतात. म्हणजे आबांच्या हातातला विलायती चाकू पकडायच्या बाजूने इथलाच होता. कुठल्या जंगलातून कुणी ते शिंग वेचून आणले, याची नोंद शेफील्डमध्ये नाही आणि इथेही नाही.

मुठीची दुसरी बाजू मात्र शिंगाची नसून काळी गुळगुळीत आहे. म्हशीचे शिंग. जुनी फाळ तडकल्यावर बसवलेली, दोन खिळे पितळेचे आणि एक लोखंडी, पण इतकी चोख की पत्रा आणि शिंग यांच्यामध्ये नखही जात नाही. आत्याला पुन्हा फोन केला. "दसऱ्याच्या आधी शिकलगार यायचा ना, त्यानंच केलं असेल," ती म्हणाली. नाव? तिला आठवले नाही. उंच होता, पानाला चुना जास्त लावायचा, एवढे आठवले.

गेल्या दिवाळीआधी आमच्या गल्लीत सायकलवर चाक बसवलेला धारवाला आला. चाकू त्याच्या हातात द्यायला मी कचरत होतो. त्याने तो उघडला, टक् आवाज ऐकला, परत मिटला, परत उघडला. मग चाकाला न लावता पिशवीतून एक पातळ दगड काढला, त्यावर पाणी टाकले आणि ओट्यावर बसून दहा मिनिटे हाताने धार काढली. मी वही घेऊन आलो आणि त्याला नाव-गाव विचारले.

"नाव कशाला सायेब?" तो म्हणाला. "ईस रुपये द्या."