टाके, शस्त्रक्रियेतील

जखमेच्या किंवा शस्त्राने केलेल्या छेदाच्या कडा, तुटलेली कंडरा किंवा हाडापासून सुटलेला अस्थिबंध जागेवर आणून तो भरून येईपर्यंत धरून ठेवण्यासाठी सुईने घातलेल्या दोऱ्याच्या वा तारेच्या शिवणीस टाके म्हणतात. रक्तस्राव थांबविण्यासाठी रक्तवाहिनीभोवती दोरा आवळून गाठ मारणे यास बंधन म्हणतात. या दोन्ही क्रियांचा इतिहास एकत्रच पाहावा लागतो, कारण दोहोंत वापरावयाचा दोरा बहुधा एकच असतो. टाका स्वतः जखम बरी करीत नाही. ते काम ऊतकांच्या वाढीचे असते. टाक्याचे काम मुदतीचे असून मुदत संपल्यावर मागे उरतो तो शरीराच्या दृष्टीने एक परका पदार्थ. दोरा बळकट असावा, पण काम संपल्यावर त्याने उपद्रव देऊ नये, या दोन अपेक्षांचा मेळ घालण्यासाठी शल्यचिकित्सकांना दोन हजारांहून अधिक वर्षे खटपट करावी लागली.

ईजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या इ. स. पू. सु. १६०० मधील लेखात ४८ रुग्णांची वर्णने असून त्यांपैकी काहींच्या जखमा शिवल्याचा उल्लेख आढळतो. मात्र शिवणकर्माचे पद्धतशीर विवेचन सुश्रुतसंहितेत मिळते. या ग्रंथातील आठ शस्त्रकर्मांपैकी ‘सीव्य’ हे एक आहे. दोऱ्यासाठी अश्मंतकाची साल, ताग, क्षौम (अळशीचे सूत), स्नायू, केस, मूर्वा व गुळवेल यांचे तंतू सांगितले असून वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी असे शिवणीचे चार प्रकार दिले आहेत. कमी मांसाच्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळे लांबीची गोल सुई, मांसल भागी तीन अंगुळांची तिधारी सुई आणि मर्मस्थाने, वृषणकोश व उदर यांवर धनुष्यासारखी वाकडी सुई वापरावी, असे सांगितले आहे. आजच्या शस्त्रक्रियागृहातही गोल, त्रिकोणी छेदाच्या व वक्र अशा सुया वापरतात. त्यांची निवड आज वेगळ्या निकषांवर होते, हे खरे. परंतु ऊतक पाहून सुई निवडावी हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. सुई कडेपासून फार दूर घातल्यास वेदना होतात व फार जवळ घातल्यास कड फाटते, ही सूचना तर अनुभवावाचून लिहिता येण्यासारखी नाही.

त्याहूनही महत्त्वाचा भाग म्हणजे कोणती जखम शिवू नये याविषयीचा इशारा. क्षार, अग्नी वा विष यांनी दूषित झालेली किंवा आत शल्य राहिलेली जखम शिवू नये. धूळ, केस, नखे, हाडांचे सुटे तुकडे काढून ती आधी स्वच्छ करावी, अन्यथा ती पिकते, असे सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. जंतूंची कल्पना नसतानाही घाण आत कोंडून वरून शिवण्याचा धोका ओळखला गेला होता. आतड्यास छिद्र पडले असता कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्यांकडून चावे घ्यावयास लावावेत व डोकी तेथेच ठेवून आतडे आत सारावे, असाही उपाय याच ग्रंथात आहे. मुंगीच्या डोक्याचे हे टाके काळाच्या ओघात शरीरातच विरून जात असावेत. कर्म संपल्यावर आपोआप नाहीसे होणाऱ्या टाक्याची ही एक जुनी कल्पना मानता येईल.

भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशात सेल्सस या रोमन लेखकाने (इ. स. पहिले शतक) टाक्यांचे वर्णन केले. ग्लॅडिएटरांवर उपचार करणाऱ्या गेलेन यांनी (दुसरे शतक) रेशमाची शिफारस केली. अबुल कासिम अल् जहरावी (९३६–१०१३) यांच्या ग्रंथात आतडे शिवण्यासाठी प्राण्याच्या आतड्यापासून काढलेला धागा सांगितला आहे. पुढे फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे (१५१०–९०) यांनी अवयवच्छेदनानंतर रक्तवाहिन्या तापलेल्या लोखंडाने डागण्याऐवजी दोऱ्याने बांधण्याची पद्धत पुरस्कारिली. रुग्णाचे हाल त्यामुळे कमी झाले. पण जखमेत दोरा राहून पू होण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

टाक्यावाचूनही ऊतके जुळतात याचा एक नमुना महाराष्ट्रातील आहे. म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत नाक व हात गमावलेल्या कावसजी या बैलवानावर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले. ही शस्त्रक्रिया इंग्रज डॉक्टरांनी पाहिली व तिची हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ मासिकात छापून आली. तीत टाके घातल्याचा उल्लेख नाही. कापडाच्या पट्ट्यांवर भिजविलेला कात लावून त्या जोडावर बसविल्याचे म्हटले आहे. या वृत्तामुळे यूरोपात नासासंधानास नवी चालना मिळाली. कातामुळे जोड टिकला, की कपाळाच्या कातडीस भरपूर रक्तपुरवठा असल्यामुळे तो लवकर भरला, याचा निर्णय त्या हकिकतीवरून करता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रोहिणी बांधल्यावर दोऱ्याचे टोक मुद्दाम जखमेबाहेर लांब सोडीत. काही दिवसांनी पू होऊन दोरा सैल झाला, की तो ओढून काढीत. तो सुटण्याच्या वेळी कित्येकदा रोहिणीही फुटे व रुग्ण रक्तस्रावाने दगावे. फिलाडेल्फिया येथील फिलिप सिंग फिझिक (१७६८–१८३७) यांनी विरघळणाऱ्या कातड्याच्या वाद्या वापरून पाहिल्या, पण ती पद्धत रुजली नाही.

अमेरिकेतील अ‍ॅलाबामा राज्यात जेम्स मॅरियन सिम्झ (१८१३–८३) यांनी चांदीच्या तारेचा यशस्वी उपयोग केला. त्याची कहाणी मात्र अभिमानाने सांगण्यासारखी नाही. अडलेल्या प्रसूतीमुळे मूत्राशय व योनिमार्ग यांच्यामध्ये छिद्र पडून मूत्र सतत गळत राहते. हे छिद्र शिवण्याचे प्रयोग सिम्झ यांनी १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर, शुद्धिहरणाविना केले. अ‍ॅनार्का, बेट्सी व लूसी ही त्यांपैकी तिघींची नावे नोंदलेली आहेत. रेशमी टाके पुन्हापुन्हा पिकत, अ‍ॅनार्कावर सु. तीस वेळा शस्त्रक्रिया झाल्यावर १८४९ मध्ये चांदीच्या तारेने छिद्र मिटले. गुळगुळीत एकपदरी तारेत जंतूंना दडण्यास फटी नसतात, हे त्यामागचे कारण त्या वेळी कोणासच ठाऊक नव्हते. ज्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच कायद्याने उद्‌भवत नव्हता अशा स्त्रियांच्या देहावर ही प्रगती झाली, याची उघड चर्चा फार उशिरा सुरू झाली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्झ यांचा पुतळा २०१८ मध्ये हलविण्यात आला.

दोऱ्याच्या प्रश्नास खरे वळण दिले ते जोसेफ लिस्टर (१८२७–१९१२) यांनी. जखम पिकण्याचे कारण दोरा नसून त्याबरोबर आत जाणारे जंतू होत, असे त्यांचे मत होते. कार्बॉलिक अम्लात भिजविलेले रेशीम वापरून त्यांनी टोके आखूड कापली व जखम बंद केली. अशा एका रुग्णाच्या मरणोत्तर तपासणीत रेशमाच्या अवशेषाजवळ पू आढळला. तेव्हा त्यांनी तात (कॅटगट) निवडली. या दोऱ्याच्या इंग्रजी नावात मांजर असले, तरी तो मेंढीच्या वा गुरांच्या आतड्यापासून करतात. १८६८ च्या अखेरीस एका वासराची ग्रीवा रोहिणी त्यांनी निर्जंतुक केलेल्या तातीने बांधली. महिन्याने पाहता तातीच्या जागी सजीव ऊतक आढळले. तातीचे रूपांतर ऊतकात होते, हा लिस्टर यांचा अर्थ काटेकोरपणे बरोबर नव्हता; शरीरातील एंझाइमे तात पचवितात व ती जागा नवे ऊतक भरून काढते. तथापि टोके आखूड कापून जखम बंद करता येते, हे सिद्ध झाले. साधी तात आठदहा दिवसांत शक्ती गमावीत असल्यामुळे पुढे ती क्रोमिक अम्लाच्या संस्काराने अधिक टिकाऊ करण्यात आली.

आतड्याच्या पोटी जंतू असणारच. शिवाय उष्णता दिल्यास तात निकामी होई. त्यामुळे स्वित्झर्लंडमधील टेओडोर कोखर यांनी ती सोडून रेशीम स्वीकारले व अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेड यांनी बारीक रेशीम आणि ऊतकांची हळुवार हाताळणी यांवर भर दिला. फ्रान्समधील लीआँ येथे आलेक्सी कारेल (१८७३–१९४४) यांनी भरतकाम करणाऱ्या एका स्त्रीकडून बारीक शिवणकाम शिकून घेतले व १९०२ मध्ये रक्तवाहिन्या टोकास टोक लावून शिवण्याची रीत प्रसिद्ध केली. १९१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे नायलॉन, पॉलिप्रोपिलीन हे न विरघळणारे आणि १९७० नंतर पॉलिग्लायकोलिक अम्ल, पॉलिग्लॅक्टिन, पॉलिडायॉक्झॅनोन हे विरघळणारे कृत्रिम धागे आले. हे एंझाइमांनी न पचता पाण्याच्या विक्रियेने विघटित होतात. त्यामुळे सूज कमी येते व विरघळण्याचा काळ बराचसा निश्चित असतो : पॉलिग्लॅक्टिनास सु. दोन महिने, पॉलिडायॉक्झॅनोनास सु. सहा महिने लागतात. गुरांच्या मेंदुविकाराच्या भीतीने २००१ च्या सुमारास यूरोपीय देशांत तातीचा वापर थांबला. भारतात ती स्वस्त असल्यामुळे मागे राहिली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वापरावयाचा सर्वांत बारीक धाग्यांपैकी एक नायलॉनचा असून त्याची जाडी सु. ०·०२ मिमी. असते.

मऊ ऊतकास मऊ ऊतक शिवणे यांमुळे सुकर झाले. हाडास कंडरा शिवणे मात्र अवघडच राहिले, कारण हाडातून सुई जात नाही. खांदा वर उचलणाऱ्या कंडरा सुटल्यास किंवा खांदा वारंवार निखळत असल्यास हाडात आरपार भोके पाडून त्यांतून दोरा ओवीत. त्यासाठी मोठा छेद घ्यावा लागे. १९८५ मध्ये अमेरिकेत ई. मार्लो गोबल व त्यांचे सहकारी यांनी हाडात रोवावयाचा अँकर तयार केला. टिटॅनियमाच्या लहानशा खुंटीस निकेल-टिटॅनियम मिश्रधातूचे लवचिक आकडे बसविलेले असत. खुंटी भोकात सारताना आकडे मिटत व आत गेल्यावर उघडून हाडात रुतत. खुंटीला ओवलेला दोरा बाहेर राही व त्याने कंडरा हाडावर बांधता येई. दुर्बिणीतून लहान छिद्रांवाटे सांध्याची दुरुस्ती करण्याची पद्धत यामुळे झपाट्याने पसरली.

अँकर हाडात कोणत्या कोनात रोवावा, याचे एक गमतीदार उत्तर टेक्ससमधील स्टीफन बर्कहार्ट यांनी १९९५ मध्ये शेताच्या कुंपणावरून दिले. कोपऱ्याच्या खांबास ताण देणारी तार जमिनीत पुरलेल्या दगडास तिरपी बांधतात. तिरकसपणामुळे दगड उपटून येत नाही. त्याच न्यायाने अँकर तिरपा, ४५ अंशांपर्यंतच्या कोनात बसवावा, असे त्यांनी सुचविले. पेचाच्या अँकरांवरील पुढील काही प्रयोगांत सरळ रोवलेला अँकरही तितकाच किंवा अधिक टिकल्याचे दिसल्याने हा वाद पूर्ण मिटलेला नाही.

दोऱ्याबाबतचा जुना प्रश्न अँकरांबाबत पुन्हा उभा राहिला. सैल झालेला धातूचा अँकर सांध्यातील कूर्चा खरवडतो, म्हणून पॉलिलॅक्टिक अम्लाचे विरघळणारे अँकर आले. ते विरघळण्यास कित्येक वर्षे लागतात. काहींच्या भोवती हाड झिजून पोकळ्या झाल्या, काहींचे तुकडे सांध्यात सुटले. नंतर पीक या कठीण बहुवारिकाचे व केवळ दोऱ्याच्याच गुंडाळीचे अँकरही प्रचारात आले. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाचे धागे इतके बळकट आहेत, की आता धागा क्वचितच तुटतो. त्याऐवजी तो झिजलेल्या कंडरेलाच कापत जातो किंवा वृद्धांच्या विरळ हाडातून अँकर उपटून येतो. हाडावर बांधलेली कंडरा चिकटण्यास सु. तीन महिने लागतात व तेथे मूळची कूर्चायुक्त जोडणी पुन्हा तयार न होता व्रणऊतकच बनते. त्यामुळे अँकर उत्तम बसला, तरी पहिले काही आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो.