‘दहा वाजता’ म्हणजे कोणाचे दहा?

१/ दोन घटना एकाच क्षणी घडल्या, हे सांगण्यासाठी भाषेला घड्याळ लागत नाही. ‘गाडी थांबताच तो उतरला’ या वाक्यातील ‘ताच’ ते काम करतो. जपानी भाषेत त्यासाठी क्रियापदापुढे ‘तो दोजि नि’ येते. त्यातील ‘दो’ म्हणजे समान आणि ‘जि’ म्हणजे वेळ.

२/ घड्याळातील दहा सांगतानाही जपानी भाषा हाच ‘जि’ वापरते : ‘जूजि नि’. मराठीची रीत निराळी. ‘वाजता’ हे ‘वाजणे’ या क्रियापदाचे रूप. ‘दहा वाजता निघाला’ म्हणजे दहाचे टोल पडत असताना निघाला. मराठीत घड्याळाची वेळ सांगणे हेच दोन घटना एकत्र बांधणे होय. मग प्रश्न उरतो : टोल कोणत्या घड्याळाचे?

३/ १८५६ मध्ये जी.आय.पी. रेल्वेचा मार्ग कल्याणहून अंबरनाथ, बदलापूरवरून पुढे गेला. पुढील दशकांत रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३० मिनिटे पुढे होती. बदलापूरहून मुंबईस उतरलेल्या प्रवाशासाठी रेल्वेचे साडेदहा म्हणजे शहराचे दहा. क्षण एकच, टोल मात्र वेगळे.

४/ जपानने १ जानेवारी १८८८ पासून १३५ अंश पूर्व रेखावृत्तावरची एकच प्रमाणवेळ लागू केली. भारतात ८२.५ अंशांवरची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी आली आणि मुंबईचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरकले. सूर्य पूर्वीच्याच वेळी उगवत होता. गिरणीचा भोंगा मात्र तेवढा आधी वाजणार होता. कामगारांनी विरोध केला. महापालिकेची घड्याळे तर पुढे कित्येक दशके मुंबईचीच वेळ दाखवीत राहिली.

५/ फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली. १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेव्हा उल्हासनगर आणि कराची येथील घड्याळे एकच वेळ दाखवीत होती. देश दुभंगला होता, वेळ नव्हती.

६/ १९५१ मध्ये पश्चिम पाकिस्तानने आपली घड्याळे ३० मिनिटे मागे घेतली. त्यानंतर उल्हासनगरात दहा वाजताच सुटलेल्या घरी, कराचीत, साडेनऊ वाजू लागले.