संगणकाचे बिऱ्हाड हलते तेव्हा

संगणकाचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाचे आणि स्मरणशक्तीचे आकडे देतात. दुकानात उभ्या असलेल्या गृहस्थाच्या मनात मात्र दोनच प्रश्न असतात : यंत्राबरोबर काय काय मिळते, आणि घरचा प्रिंटर त्याला चालेल का? हे प्रश्न पंडितांना क्षुल्लक वाटतात. आमचे मत निराळे आहे. एका जातीचे यंत्र सोडून माणसे दुसऱ्या जातीकडे गेली की जागीच राहिली, याचा निकाल पुष्कळदा या दोन प्रश्नांनी लावलेला आहे. अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉश यंत्राची हकीकत पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. कारण आपल्या गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा बिऱ्हाड हलवायला लावणारे असे दुसरे यंत्र क्वचितच सापडेल.

२४ जानेवारी १९८४ रोजी मॅकिंटॉश बाजारात आले. किंमत २,४९५ डॉलर. यंत्र अगदी नव्या घडणीचे, त्यामुळे जुन्या यंत्रांवरचे एकही काम त्याच्यावर चालणार नव्हते. रिकामी भांडी घेऊन कोण संसार मांडणार? म्हणून ॲपलने मॅकराइट हा लिहिण्याचा आणि मॅकपेंट हा चित्रे काढण्याचा, असे दोन कार्यक्रम पेटीतच घालून दिले. गिऱ्हाईक खूश झाले. पण ज्यांचा धंदाच असे कार्यक्रम लिहून विकण्याचा, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. जे फुकट मिळते ते आमच्याकडून पैसे देऊन कोण घेईल, हा त्यांचा सवाल रास्त होता. पुढे ॲपलने हे कार्यक्रम निराळे विकायला काढले आणि १९८७ मध्ये क्लॅरिस नावाची उपकंपनी स्थापून तिच्या हवाली केले. पेटीत किती द्यावे आणि बाजारासाठी किती सोडावे, हा तंटा तेव्हापासूनचा आहे.

आता प्रिंटरकडे वळू. १९८५ च्या जानेवारीत ॲपलने लेझररायटर जाहीर केला. किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे संगणकाच्या जवळजवळ तिप्पट! त्याच्या पोटातला प्रक्रियक खुद्द मॅकिंटॉशमधल्यापेक्षा वेगवान होता आणि स्मरणशक्तीही अधिक होती. नोकर धन्यापेक्षा हुशार निघावा, तसला हा प्रकार. त्याचे कारण पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये स्थापलेल्या ॲडोबी कंपनीची ही निर्मिती. हिच्यात संगणक प्रिंटरला एवढेच सांगतो की अमुक ठिकाणी अमुक आकाराचे अक्षर काढ, अमुक रेघ ओढ. ती ठिपक्याठिपक्याने कशी उमटवायची हे प्रिंटर आपले आपण ठरवतो.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ येथे आहे. कसबी सुताराला दाराचा आराखडा दिला की तो दार करून देतो. आराखडा कोणी काढला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. नवख्या पोराला मात्र प्रत्येक घाव सांगावा लागतो, आणि तोही त्याच्या ओळखीच्या मिस्त्रीनेच. पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर कसबी सुतारासारखा. पुढे घरोघर गेलेले स्वस्त प्रिंटर बहुतेक त्या पोरासारखे होते. त्यांच्यातली अक्कल काढून संगणकात ठेवली, म्हणून तर ते स्वस्त झाले. ती अक्कल म्हणजे ड्रायव्हर नावाचा छोटा कार्यक्रम, आणि तो बहुधा विंडोजपुरताच लिहिलेला असे. विंडोज सोडून जाणाऱ्याच्या हाती उरे तो केवळ प्लास्टिकचा डबा.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये आयमॅक विक्रीला आला तेव्हा कुऱ्हाड वेगळ्याच जागी पडली. जुने मॅकिंटॉशचे प्रिंटर ज्या खोबणीत जोडत, ती खोबणच नव्या यंत्रात नव्हती. तिच्या जागी यूएसबी आली. लोकांनी अडॉप्टर विकत घेऊन दिवस काढले. परंतु यूएसबी ही एकट्या ॲपलची वस्तू नव्हती, त्यामुळे प्रिंटर बनवणारे हळूहळू दोन्ही पंथांना चालेल असा माल काढू लागले. यंत्राबरोबर ॲपलवर्क्स हा लेखन-हिशेबाचा संच मिळे. घरगुती कामाला तो पुरेसा होता.

खरी कसोटी २४ मार्च २००१ रोजी लागली. त्या दिवशी आलेली मॅक ओएस टेन ही प्रणाली युनिक्सच्या पायावर उभी होती. जुने कार्यक्रम चालावेत म्हणून क्लासिक नावाची एक खोली तिच्यात राखून ठेवली होती. पण जुने ड्रायव्हर त्या खोलीबाहेर निरुपयोगी. ते नव्याने लिहिण्यात, विकून झालेल्या मालापासून कारखानदाराला काय मिळणार? गिऱ्हाईक अडकले ते या हिशेबात. सुटका अनपेक्षित दिशेने आली. मायकेल स्वीट या प्रोग्रॅमरने युनिक्स यंत्रांसाठी कप्स नावाची छपाईची व्यवस्था लिहून खुली केली होती. ऑगस्ट २००२ मधील १०.२ आवृत्तीत ॲपलने ती स्वीकारली. २००३ च्या आवृत्तीत गिम्प-प्रिंट हा हौशी मंडळींनी सांभाळलेला ड्रायव्हरांचा संग्रह आला. त्याचाही आरंभ स्वीट यांनीच केलेला. कारखानदारांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी प्रिंटर यामुळे पुन्हा कागद ओढू लागले. एवढ्या मोठ्या कंपनीची अडचण खुल्या कामाने भागवली, याचे आम्हांला आजही कौतुक वाटते.

या स्थलांतराचा चटका आपल्या मराठी लेखनालाही बसलेला आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण घरच्या यंत्रात ती यायला वेळ लागला. तोवर जो तो आपापल्या सांकेतिक रचनेचे टंक विकत असे. यंत्र बदलले, तो टंक सापडला नाही, की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसे. विंडोज २००० बरोबर मंगल हा टंक पेटीतच आला, तेव्हा कोठे वाट मोकळी होऊ लागली. पण त्याआधीचा मजकूर? तो ज्यांनी वेळीच पालटून घेतला त्यांचा वाचला. बाकीच्यांचा, छापलेला कागद शिल्लक असेल तेवढाच.

ॲपलकडेही असेच घडले. २००६ मध्ये यंत्रांत इंटेलचे प्रक्रियक आले आणि क्लासिकची खोली बंद झाली. ॲपलवर्क्स पेटीतून गेले, ऑगस्ट २००७ मध्ये त्याची विक्रीही थांबली. त्याच्या जागी आलेले पेजेस काही वर्षे जुने ॲपलवर्क्सचे कागद उघडत असे. २०१३ च्या आवृत्तीपासून तेही बंद झाले. गंमत अशी, की मॅकराइट आणि ॲपलवर्क्समध्ये लिहिलेली पत्रे आज उघडायची झाली तर लिब्रेऑफिस हा खुला कार्यक्रम ती उघडतो, आणि तो विंडोजवरसुद्धा चालतो.