हातांची साधना : व्यवसायोपचाराची वाटचाल आणि आपले नागपूर

मनुष्याच्या प्रगतीचा इतिहास हा बहुतांशी त्याच्या हातांचा इतिहास आहे. आम्हा कापड व्यापाऱ्यांना तर हे पदोपदी जाणवते. तुटलेला धागा सांधणे, सुई ओवणे, काज करणे, बटण टाकणे ही सारी कामे अंगठा आणि तर्जनी यांच्या सूक्ष्म मेळावर अवलंबून आहेत. हा मेळ जन्मतः लाभत नाही. बालक साधारणतः नऊ ते बारा महिन्यांच्या सुमारास चिमटीत दाणा उचलू लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पाहून वर्तुळ काढते. काही बालकांत मात्र ही वाढ मागे राहते. अकाली जन्म, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा सैलपणा, हालचालींच्या समन्वयातील उणीव अशी त्याची अनेक कारणे असतात. अशा बालकांना साह्य करणारी शास्त्रशाखा म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी.

‘व्यवसाय’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दुकान आणि पेढी येते. या शास्त्रात मात्र मनुष्याचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो ती सर्व कामे म्हणजे व्यवसाय. या अर्थाने खेळणे, जेवणे, कपडे घालणे व लिहिणे हाच बालकाचा व्यवसाय होय.

या शास्त्राची पहिली राष्ट्रीय संघटना १९१७ साली अमेरिकेत स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना विणकाम, टोपल्या विणणे, सुतारकाम अशा हस्तोद्योगांच्या साह्याने पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न झाले. औषधाने जखम भरते, परंतु हाताला काम परत मिळवून द्यावे लागते, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. आपल्या शेजारच्या वर्धा नगरीत १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानले होते. उद्देश निराळा असला, तरी हाताच्या कामाने मनुष्य घडतो ही श्रद्धा समान होती.

भारतात हे शास्त्र रुजविण्याचे श्रेय कमलाबाई निंबकर यांना जाते. १९०० साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी विवाहबद्ध होऊन १९३० साली भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ साली स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश झाला. स्वातंत्र्याला अवघी पाच वर्षे झालेल्या देशाला ही गोष्ट खचितच भूषणावह होती.

आपल्या नागपूरकरांना विशेष अभिमान वाटावा अशी घटना यानंतरची आहे. मुंबईनंतर या शिक्षणाचा मान नागपूरला मिळाला. १९५० चे दशक संपण्यापूर्वी आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या ‘मेडिकल’मध्ये, व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले.

त्या काळी पोलिओने शेकडो बालकांना पंगू केले होते. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त घोषित झाला. दरम्यान या शास्त्राचे लक्ष विकासात मागे राहणाऱ्या बालकांकडे अधिक वळले. १९७० च्या दशकात जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने स्पर्श, तोल आणि हालचाल यांच्या संवेदनांची सांगड घालण्याचा विचार मांडला. त्याच्या परिणामांविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. परंतु जे काम यावयास हवे त्याचाच लहान लहान टप्प्यांनी सराव करावा, याविषयी बऱ्यापैकी एकमत आहे.

या उपचारात महागड्या यंत्रांची फारशी गरज नसते. कणीक मळणे, मणी ओवणे, कपड्यांचे चिमटे लावणे, कागद कापणे, शर्टाची बटणे लावणे हीच त्याची साधने. मात्र कोणत्या बालकाला कोणते काम, किती वेळ आणि कशा बैठकीत द्यावे, हे ठरविण्यास प्रशिक्षित दृष्टी लागते. खांदा व पाठ स्थिर नसेल, तर नुसती बोटे वळवून अक्षर सुधारत नाही.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्रे यांची तरतूद झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. शास्त्र आहे, कायदा आहे, आपल्या शहरात विद्यालयही आहे. उणीव आहे ती घराच्या उंबरठ्याच्या आत. अक्षर वेडेवाकडे आले की मुलाला आळशी म्हणावयाचे, बटण लावता आले नाही की आईने लावून द्यावयाचे, आणि ‘मोठा झाला की येईल’ म्हणून वर्षे घालवावयाची, ही आपली रीत. काही मुले वयाबरोबर सुधारतात हे खरे. परंतु कोणती, हे तपासणीवाचून कळत नाही. लग्नसंबंधांत बाधा येईल या भयाने ही गोष्ट लपविणारी कुटुंबेही आहेत. त्या मौनाची किंमत बालक मोजते.

धर्मशाळा व औषधालये उभारणाऱ्या समाजाने आपल्या घरातील लहान हातांकडेही तितक्याच आस्थेने पाहावे. रागावण्यापूर्वी एकदा तपासणी करून घ्यावी. कमलाबाईंनी लावलेल्या रोपट्याची सावली साठाहून अधिक वर्षे आपल्या शहरात आहे. आपल्या मुलांना तिच्यात नेणे हे आपले काम आहे.