मणक्यातली गादी आणि एक जिम्नॅस्ट

गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही, कारण खुर्चीत बसवतच नव्हतं. एमआरआय काढला तर कंबरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी पार चेपलेली निघाली. डॉक्टरांनी तीन रस्ते सांगितले: आधी व्यायाम, नाहीतर दोन मणके स्क्रूने जखडणे, नाहीतर कृत्रिम चकती. आई म्हणाली, "मणक्याला हात लावू द्यायचा नाही." बायको म्हणाली, "आधी नीट वाच तरी." मग मी वाचत बसलो. म्हणजे, पडलो.

गादी म्हणजे बाहेर चिवट तंतूंचं कडं आणि आत जेलीसारखा गर. मोठ्या माणसात तिला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, त्यामुळे एकदा झिजली की ती नीट भरून येत नाही. मणके जखडले की तिथली हालचाल थांबते, दुखणंही बऱ्याचदा कमी होतं. पण मग वरच्या-खालच्या गाद्यांवर जास्त ताण येतो, ही जुनी शंका. कृत्रिम चकतीची सगळी धडपड या शंकेतून सुरू झाली.

पहिला मोठा प्रयत्न स्वीडनच्या उल्फ फर्नस्ट्रॉम यांचा. १९६० च्या दशकात त्यांनी शंभरावर रुग्णांच्या मणक्यांमध्ये चक्क स्टीलच्या गोळ्या बसवल्या, बॉल बेअरिंगमधल्या छर्ऱ्यांसारख्या. कल्पना सोपी आणि सुटसुटीत. पण गोळी हाडाला टेकते ती इवल्याशा जागेत. सगळा भार तिथेच. बऱ्याच गोळ्या हळूहळू हाडात रुतत गेल्या आणि हा प्रकार मागे पडला.

पुढची गोष्ट पूर्व बर्लिनची. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कारिन यान्त्स या पूर्व जर्मन मुलीने जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्ट आणि अनइव्हन बार्स अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. मग ती डॉक्टर झाली, हाडांची. लग्नानंतर ब्युटनर-यान्त्स. शारिते रुग्णालयात कुर्ट शेलनाक यांच्याबरोबर १९८२ पासून तिने कृत्रिम चकतीवर काम केलं. जिने स्वतःचा कणा बारवर धनुष्यासारखा वाकवला, तिलाच कणा वाकता ठेवायचं सुचावं, हे मला फार आवडलं.

रचना अशी: वर-खाली धातूच्या दोन ताटल्या, मध्ये पॉलिएथिलीनचा सरकता गाभा. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात रुळलेलीच ही जोडी. १९८४ मध्ये पहिली चकती माणसात बसली. व्हर्जन एकच्या ताटल्या लहान होत्या, त्या रुतायच्या. व्हर्जन दोनमध्ये बाजूला पंख काढले, ते मोडायचे. १९८७ चं व्हर्जन तीन कोबाल्ट-क्रोमचं, आणि ते बनवलं हँबुर्गच्या लिंक कंपनीने. म्हणजे भिंतीच्या पलीकडे! भिंत पडायला अजून दोन वर्षं होती.

आपल्याकडे व्हर्जन एक फसलं तर रात्रीतून पॅच जातो. इथे पॅच म्हणजे पोट उघडून, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून पुन्हा मणक्यापर्यंत जाणं. दुसऱ्या खेपेला त्या रक्तवाहिन्या व्रणाने चिकटलेल्या असतात, त्यामुळे धोकाही वाढतो.

ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'शारिते'ला परवानगी दिली. आधार होता ३०४ रुग्णांची चाचणी, त्यांच्यावर दोन वर्षं लक्ष. निष्कर्ष काय, तर मणके जखडण्यापेक्षा वाईट नाही. 'वाईट नाही' आणि 'चांगलं' यांत फरक आहे, हे कुठल्याही टेस्टरला विचारा. शिवाय ज्या पद्धतीशी तुलना केली, ती तोवर बऱ्याच सर्जननी सोडूनच दिली होती, असा आक्षेपही आला. पुढच्या दहा वर्षांच्या आत 'शारिते' बाजारातून गेली.

मला खरा धडा दिला तो फ्रान्सच्या टियरी मार्ने यांनी. १९९० ते १९९३ मध्ये त्यांच्या 'प्रोडिस्क'ची पहिली आवृत्ती ६४ रुग्णांमध्ये बसवली गेली. आणि मग ते थांबले. सात ते अकरा वर्षांनी त्या रुग्णांना शोधून तपासलं, निकाल चांगले दिसले, तेव्हा पुढची आवृत्ती आणली. तिला एफडीएची परवानगी मिळाली २००६ मध्ये. इतकी वर्षं रिलीज थांबवून धरणारा मॅनेजर मी तरी पाहिलेला नाही.

मानेच्या चकत्यांची गोष्ट वेगळी. तिथे भार कमी, वाट सोपी. 'प्रेस्टीज'ला २००७ मध्ये परवानगी मिळाली, आणि 'मोबी-सी'ला २०१३ मध्ये लागोपाठच्या दोन जागी बसवायचीही.

असो. मी एक्केचाळीस वर्षांचा आहे. जे काही बसवीन ते अजून तीस-चाळीस वर्षं चालायला हवं. पायातली ताकद शाबूत आहे, घाई नाही, असं डॉक्टरही म्हणाले. त्यामुळे सहा महिने मुकाट्याने व्यायाम. नाहीच जमलं तर पुन्हा त्यांच्यासमोर बसेन आणि पहिला प्रश्न विचारीन, "ही चकती बसवलेल्या माणसांकडे किती वर्षांनी परत जाऊन पाहिलंय?"

हा लेख उभ्याने लिहिलाय, इस्त्रीच्या टेबलावर. चुका दिसल्या तर समजून घ्या.